प्ले नाही – अ. सोनटक्के

भोपाळच्या इंद्रपुरीत अच्युत सोनटक्क्यांचं घर कुणालाही विचारा, सांगेल. सांगताना दोन सूचना मात्र फुकट देईल. एक, बेल वाजवा आणि दाराशी उभे राहा, खिडकीतून हाका मारू नका. दुसरी, इंजिन दाखवायला आणलं असेल तर त्याच्याबद्दल आपलं मत सांगू नका. एकदा कुणीतरी बोलून गेला होता, "बेअरिंग तसं ठीक वाटतंय." त्यावर सोनटक्क्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "वाटतंय कुणाला? तुम्हाला की बेअरिंगला?" तो गृहस्थ पुढचे चार महिने आला नाही. आला तेव्हा तोंड मिटून आला.

वय अडुसष्ट. मूळचे नागपूरचे. गोविंदपुऱ्यातल्या एका पंप कारखान्यात सदतीस वर्षं नोकरी, त्यातली चोवीस तपासणीला. रिटायर झाल्यावर माणसं एकतर देवाला लागतात नाहीतर डॉक्टरला. सोनटक्के लागले खेळण्यातल्या मोटारींना. खेळण्यातल्या म्हटलेलं त्यांना चालत नसे, आणि ते बरोबरही होतं. हातभर लांबीची ती मोटार, तिच्यात मुठीत मावणारं खरंखुरं इंजिन, टाकीत मिथेनॉल आणि एरंडेलाचं मिश्रण. चालू झालं की मिनिटाला तीस हजार फेरे घेतं आणि आख्ख्या गल्लीची झोपमोड करतं. गोविंदपुऱ्यातल्या एका रिकाम्या प्लॉटवर दर रविवारी सकाळी डझनभर बापये हातात रिमोट घेऊन या मोटारी पळवतात. पोटं सुटलेली, घरी बायका चिडलेल्या, पण त्या दोन तासांत प्रत्येक जण आठ वर्षांचा असतो. ती इंजिनं थकली की सोनटक्क्यांकडे येत.

सोनटक्के इंजिन पूर्ण खोलत. केरोसीनमध्ये धूत, वाळवत. धुतल्याशिवाय बघायचंच नाही हा त्यांचा दंडक, कारण जुनं एरंडेल गोंदासारखं चिकटून बसतं आणि झिजलेल्या बेअरिंगची लाज राखतं. मग डाव्या मुठीत इंजिनाचं कवच धरायचं आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी क्रँकशाफ्टचं टोक, म्हणजे पिस्टनच्या उड्या ज्याच्यामुळे चाकाच्या फेऱ्या होतात तो दांडा. आधी आतबाहेर हलवायचा. तिथे केसभर हलला तर चालतं, उलट थोडा हलायलाच हवा. मग वरखाली. तिथे मात्र अजिबात हलता कामा नये. हलला तर त्याला कारखान्यात म्हणतात 'प्ले'. झिजलेल्या बेअरिंगचा प्ले डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. बोटाच्या टोकाला एक बारीकसा 'टक' जाणवतो, बस्स.

तो टक ओळखणारं बोट सोनटक्क्यांचं होतं. कारखान्यात डायल गेज होतं, केसाएवढी हालचालही काट्याने दाखवणारं, नाही असं नाही. पण ते कागदासाठी. पंप बाहेर पडायच्या आधी लोडिंगवाला ओरडून विचारायचा, "सोनटक्के साहब का हाथ लग गया क्या? लग गया तो चढ़ाओ." निरोप समारंभात साहेबांनी त्यांना एक नवंकोरं डायल गेज भेट दिलं. सोनटक्क्यांनी ते घरी आणून कपाटात ठेवलं आणि आठ वर्षांत त्याचा डबा उघडला नाही. मुठीएवढ्या इंजिनाला डायल लावायचं म्हणजे त्यांच्या मते खिचडी शिजली का हे बघायला इंजिनिअर बोलावण्यासारखं होतं.

तपासलेल्या प्रत्येक इंजिनाला ते दोऱ्याने एक जाड पुठ्ठ्याचा टॅग बांधत. त्यावर बॉलपेनने तारीख, आणि खाली: 'प्ले नाही – अ. सोनटक्के'. रविवारच्या मंडळींत त्या टॅगला जो मान होता तो कंपनीच्या छापील वॉरंटीलाही नव्हता. सोनटक्क्यांना हे ठाऊक होतं. आयुष्यात त्यांनी दुसरं काही कमावलं असेल नसेल, हा मान कमावला होता, आणि त्याला ते जिवापाड जपत.

या मानाला एक जुनी किंमत होती. तिचं नाव बाळू पौनीकर.

बाळू आणि अच्युत नागपुरातून एकाच दिवशी, एकाच गाडीने भोपाळला आले. एका खोलीत राहिले, एकाच स्टोव्हवर भात करपवला. लग्नं झाल्यावर दोघांच्या बायका, वंदना आणि उषा, एकमेकींच्या घरून विरजण नेत. बाळूने पंधरा वर्षं हाताने धरायच्या ग्राइंडरवर काढली, मग तोही तपासणीला आला. पहिली तपासणी बाळूची, शेवटची अच्युतची. दोन हजार तीनच्या सुरुवातीला बाळूने पास केलेले तीन पंप एका महिन्यात अच्युतच्या हाताने पकडले. प्ले इतका की शिकाऊ पोरानेही ओळखावा.

"बाळू, हे काय आहे?" अच्युतने विचारलं.

"मला खरंच प्ले लागला नाही रे," बाळू म्हणाला.

"तिन्हींत?"

"तिन्हींत. शपथ घेऊन सांगतो."

हिवाळ्यात बाळूची बोटं खडूसारखी पांढरी पडत, हे अच्युतला ठाऊक होतं. ग्राइंडरवर वर्षं काढलेल्यांची पडतातच. पण बोटं बधिर झाली तर माणसाला कळणार नाही का? कळतं. म्हणजे कळूनही याने सह्या ठोकल्या. तपासणीची खुर्ची सुटू नये म्हणून. अच्युतने रिपोर्ट लिहिला, साध्या स्वच्छ हिंदीत, आणि शेवटी एक ओळ: 'पौनीकर ने जानबूझकर दोष छिपाया.'

बाळूला तपासणीवरून काढणं योग्यच होतं. त्याबद्दल आजही कुणी वाद घालणार नाही. त्यातला एक पंप एखाद्या गावाच्या पाण्यावर बसला असता आणि ऐन उन्हाळ्यात अडकला असता. पण रिपोर्टात नुसते पंप सुटले एवढंच असतं तर बदली झाली असती आणि प्रकरण मिटलं असतं. त्या एका शब्दाने चौकशी बसली. बाळूची रवानगी गेटजवळच्या स्टोअरमध्ये झाली, हातमोजे आणि चिंध्या वाटायला. आणि कारखान्यातली माणसं काय, त्यांना टोपणनाव मिळालं की सोनं मिळालं. "ओ जानबूझकर! दो जोड़ी दस्ताने दे!" रोज, दिवसातून पन्नास वेळा.

एकदा सकाळी उषा आली. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "भाऊजी, बाकी सगळं राहू द्या. यांना परत घेऊ नका. तो एक शब्द तेवढा काढा." वंदना स्वयंपाकघरातून ऐकत होती. अच्युत म्हणाला, "वहिनी, लिहिलेलं मी खोडत नसतो." उषा वळून गेली. विरजण त्या दिवशी थांबलं. अकरा महिन्यांनी बाळू स्टोअरच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेला. हातमोजे मागायला आलेल्या माणसाने दोनदा 'ओ जानबूझकर' अशी हाक मारली, मग हलवून बघितलं.

लोक पाठीमागे म्हणत, सोनटक्क्याने दोस्त खाल्ला. सोनटक्के म्हणत, शाफ्टला दोस्ती कळत नाही. वीस वर्षं ते असंच म्हणत आले आणि त्यावर त्यांना झोपही लागत आली.

मागच्या दिवाळीत डॉक्टरांनी त्यांच्या पायांना आणि बोटांना टाचणी टोचून पाहिली. बारा वर्षांची साखर होती. "नसों पर असर आ गया है," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन सोनटक्क्यांनी वंदनाला सांगितलं, "पायांना मुंग्या येतात त्याचं आहे. चप्पल बदलायला सांगितलंय." बोटांचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला तेव्हा ते टीशर्ट घालू लागले. एकदा वंदनाने स्टीलच्या पेल्यात उकळता चहा दिला आणि फडक्याने धरायला सांगणार एवढ्यात त्यांनी पेला उघड्या हाताने उचलून तोंडाला लावला. ती बघतच राहिली. "थंडच देतेस हल्ली," असं म्हणून ते पेपर वाचू लागले. या घरात सोनटक्क्यांना प्रश्न विचारायची रीत नव्हती.

इंजिनं येत होती, जात होती. प्रत्येकाला टॅग लागत होता. फाल्गुनात एका रविवारी सोनटक्के प्लॉटवर गेले तेव्हा मोठ्या खुशीत म्हणाले, "शिकलात बरं का तुम्ही. पाच महिने झाले, एकाही इंजिनाचं बेअरिंग गेलेलं नाही. पूर्वी दर दुसऱ्याचं जायचं." सगळे हसले. सत्यजित सर्वांत जास्त हसला.

सत्यजित चौतीस वर्षांचा. वडील सरकारी कचेरीत होते, तुळशी नगरच्या क्वार्टरात वाढला. आता गोविंदपुऱ्यातल्या एका युनिटमध्ये सुपरवायझर. सोनटक्क्यांवर त्याची भक्ती होती. त्यांच्यासमोर तो खुर्चीतसुद्धा अर्धाच बसे. एप्रिलमध्ये तो आपलं इंजिन घेऊन आला.

"काका, पुढच्या संडेला इंदौरला रेस आहे. तीन साल से तयारी करतोय. एकदा तुमचा हात लागला ना, की मला टेन्शन नाही."

सोनटक्क्यांनी इंजिन खोललं, धुतलं, वाळवलं. शाफ्ट धरून आतबाहेर केला, वरखाली केला. काही लागलं नाही. पुन्हा केला. काही नाही. टॅग लिहिला, दोऱ्याची गाठ मारायला वेळ लागला, पण मारली.

इंदूरच्या रेसनंतर मंगळवारी सत्यजित आला तो मान खाली घालून. पिशवीतून इंजिन काढून टेबलावर ठेवलं. कनेक्टिंग रॉड तुटून दोन तुकडे झाले होते, पिस्टनवर ओरखडे. टॅग अजून दोऱ्याला लटकत होता. रेसच्या वेळी तो काढून त्याने खिशात ठेवला होता आणि नंतर पुन्हा बांधला होता.

"चौथ्या लॅपला गेलं. माझीच चूक आहे, काका. इंधनाची नीडल बहुत लीन ठेवली मी, मिश्रण कमी पडलं असणार त्याला. बेअरिंगचा तर सवालच नाही, तुमचा टॅग होता. सॉरी काका."

तीन वर्षांची तयारी मातीत गेलेला माणूस त्यांची माफी मागत होता. सोनटक्के एवढंच म्हणाले, "ठेवून जा. बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी इंजिन धुऊन घेतलं. शाफ्ट वरखाली केला. काही नाही. त्यांना एकदम हलकं वाटलं. नीडलच असणार. पोरं उतावळी असतात, मिश्रण मोजत नाहीत. त्यांनी मनातल्या मनात सत्यजितला झापायची वाक्यंही जुळवली.

तेवढ्यात वंदना दोरा शोधत आली. टेबलाचा खण ओढून म्हणाली, "अहो, ही बेअरिंगं अशीच पडलीत. मागवली होती ना तुम्ही दिवाळीत? एक पाकीट फोडलेलं नाही."

"लागली नाहीत," सोनटक्के म्हणाले.

"एकही?"

बोलून ती दोरा घेऊन गेली. सोनटक्के खणाकडे बघत राहिले. बारा पाकिटं होती, बाराच्या बारा सीलबंद. पाच-सहा महिने, अकरा इंजिनं, आणि एकही बेअरिंग झिजलेलं नाही. दुसऱ्या कुणी असा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला असता तर सोनटक्क्यांनी त्याला उभा सोलला असता.

त्यांना त्यांचे जुने उस्ताद आठवले. शिकाऊ दिवसांत ते सांगायचे, उँगली पर शक हो तो होंठ से पूछो. ओठाची कातडी पातळ असते, ती खोटं बोलत नाही. सोनटक्क्यांनी इंजिनाचं कवच उचललं, खालच्या ओठाला टेकवलं आणि शाफ्ट हलवला.

टक.

स्वच्छ. दारावर टिचकी मारावी तसा. त्यांनी पुन्हा हलवला. टक. बोटांत काही नाही, ओठावर टक. मग ते उठले, कपाटातून भेटीचा डबा काढला, डायल गेज जोडलं. स्क्रू पिळायला पंधरा मिनिटं लागली. शाफ्ट वर उचलला आणि काटा पाच घरं सरकला. एक घरही खूप झालं असतं.

ज्या शाफ्टला प्ले नसतो तो बोटाला काहीच सांगत नाही. मेलेलं बोटही काहीच सांगत नाही. दोन्ही गप्प, आणि दोन्ही गप्प सारखेच. सोनटक्के पाच महिने त्या गप्पपणाखाली सह्या करत होते, आणि त्यांना एकदाही, एकदाही वाटलं नव्हतं की आपण खोटं लिहितोय. बोटं गेलीत हे माहीत होतं, पण पाण्याचा ग्लास धरताना, बटण लावताना. शाफ्ट धरला की त्यांना वाटे, हात आहे. ठीक आहे. प्ले नाही.

"मला खरंच प्ले लागला नाही रे," बाळू म्हणाला होता.

सोनटक्के खुर्चीत बसले. बाळू खरं बोलत होता. पंप वाईट होते, सह्या चुकीच्या होत्या, त्याला काढायला हवंच होतं, ते सगळं तसंच्या तसं खरं. पण त्याने जाणूनबुजून काहीही केलं नव्हतं. तो एक शब्द खोटा होता. आणि तो खोटा शब्द बाळूने नव्हे, अच्युतने लिहिला होता, न तपासता, कारण बधिर बोट आतून कसं लागतं हे त्याला माहीत नव्हतं आणि विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. उषा तोच शब्द मागायला दारात आली होती. आता खोडायचा म्हटला तर कुणासमोर? बाळूला जाऊन वीस वर्षं झाली. उषा नागपूरला मुलाकडे होती, तीही तीन वर्षांपूर्वी गेली. सोनटक्के तोंडावर हात घेऊन रडले. इतक्या वर्षांच्या संसारात वंदनाने त्यांना फक्त आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आजच. ती दारात उभी राहिली, आत आली नाही.

"डायल लावून करत जा ना काम," थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली.

"कामाचं नाही गं," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी सत्यजितला बोलावून घेतलं. तो आला, नेहमीसारखा अर्धाच बसला. सोनटक्क्यांनी डायल तसंच लावून ठेवलं होतं. शाफ्ट उचलून काटा दाखवला.

"नीडल नाही. बेअरिंग. मी पास केलं तेव्हाच गेलेलं होतं. चूक माझी आहे. दिवाळीपासून माझ्या हातून अकरा इंजिनं गेलीत, सगळ्यांना सांग, चालवू नका म्हणावं. मी एकेक परत तपासून देईन, डायलने."

सत्यजित काट्याकडे बघत राहिला. मग त्यांच्या हाताकडे. त्या दिवशी शर्ट होता, बटणं वंदनाने लावली होती.

"काका, बोटांना काही झालंय का?"

"साखर. दिवाळीतच डॉक्टरांनी सांगितलं."

"दिवाळीत." सत्यजितचा आवाज बदलला. तो आता पूर्ण खुर्चीत बसला होता. "मतलब आपको पता था?"

"बोटांचं माहीत होतं. प्लेचं नव्हतं." सोनटक्के पुढे झुकले. आयुष्यात कुणालाही त्यांनी असं समजावलं नव्हतं. "मला खरंच प्ले लागला नाही रे. शपथ घेऊन सांगतो."

सत्यजितने वर पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. त्याने असं पाहिलं जसं खोटं बोलताना पकडलेल्या एखाद्या म्हाताऱ्याची लाज आपण झाकली पाहिजे म्हणून पाहतो, आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. ती नजर सोनटक्क्यांच्या ओळखीची होती. वीस वर्षांपूर्वी ती त्यांच्याच चेहऱ्यावर होती.

"ठीक है काका," तो म्हणाला. "कोई बात नहीं. सांगतो मी सगळ्यांना."

त्याने इंजिनाचे तुकडे पिशवीत भरले. दोरा सोडवून टॅग टेबलावर ठेवला, उलटा. चहा न घेता गेला. पायऱ्या उतरताना त्याने फोन लावला, आणि त्याचं "अरे सुन, सोनटक्के काका का..." एवढंच वर ऐकू आलं.

वंदनाने चहाचे पेले परत उचलले.

"काय म्हणालात त्याला?"

"बाळू मला म्हणाला होता तेच."

"मग? पटलं का त्याला?"

"मला पटलं होतं का?" सोनटक्के म्हणाले, आणि टॅग उलटा होता तसाच त्यांनी खणात टाकला.